पूजेतले पुस्तक

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला उत्तराबाईंनी भरल्या घरात एक शब्द दिला. त्यांनी दिलेला शब्द कधी मागे घेतल्याचे हिरावाडीत कोणाच्याही ऐकिवात नव्हते.

निमित्त झाले ते नातवाचे. श्रेयस आठवीत गेला होता, त्याला अभ्यासाला स्वतंत्र टेबल हवे होते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये टेबलाला भिंत उरलेली नव्हती. हॉलची एकच भिंत त्या कामाची होती आणि तिच्याशी पाठ लावून उत्तराबाईंचे सागवानी कपाट उभे होते. काचेची दारे, चार फळ्या, तीनशे बारा पुस्तके. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, प्रत्येकाच्या पाठीवर लाल शाईने घातलेला क्रमांक. सून म्हणून या घरात आल्या तेव्हा रामकुंडावर येणाऱ्या यजमानांची तीस-तीस पाने रोज घरी उठत. शेवटचे पान उठल्यापासून संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागेपर्यंत जो तासभर मिळे, त्या एका तासात त्यांनी ही तीनशे बारा पुस्तके एकेक करून जमवली होती आणि, एखाददुसरे सोडले तर, वाचलीही होती.

"आजी, ते कपाट हललं ना, तर माझं टेबल तिथे बरोब्बर बसतं," श्रेयस म्हणाला. "मी टेपने मोजलंय."

"कपाट हलायला ते काय रिक्षा आहे?"

"पण उघडतं कोण ते? मला तर त्याचा एकच उपयोग. भांग पाडायला. काच मस्त आहे."

चौथीतली तेजश्री दूध पिता पिता फिस्सकन हसली आणि दूध नाकात गेले. सूनबाई मोहिनी डबे भरत होती. तिने मुलाकडे डोळे वटारले खरे, पण तोंडाने काही बोलली नाही. महेशला ओझरच्या कारखान्याची बस गाठायची होती, तो खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत राहिला. नाडी बांधायला इतका वेळ लागत नाही, हे त्याच्या आईला पक्के ठाऊक होते. नातवाच्या बोलण्याने उत्तराबाईंना काही वाटले नसते, मुले बोलायचीच. झोंबली ती मोठ्यांची चुप्पी.

त्यांनी कप खाली ठेवला.

"ठीक आहे. आजपासून दसऱ्यापर्यंत या घरातल्या एका तरी मुलाने या कपाटातलं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आपल्या मर्जीने वाचलं, तर कपाट घरात राहील. नाही वाचलं, तर दसऱ्याच्या दिवशी मी स्वतः टेम्पो बोलवीन आणि पुस्तकांसकट हे कपाट पेठकडच्या एखाद्या शाळेला देऊन टाकीन. मग बसव तुझं टेबल."

"आई, अहो, तो सहज बोलला," मोहिनी म्हणाली.

"मी सहज बोलत नसते."

वर्तमानपत्राच्या आडून त्यांच्या पतीचा, वेणीमाधवरावांचा आवाज आला, "कोणत्या वर्षीचा दसरा, तेही आत्ताच सांगून ठेव. मागाहून घोळ नको."

या थट्टेला उत्तर देणे उत्तराबाईंनी कमीपणाचे मानले. पण दुपारी सगळे आपापल्या वाटेला लागल्यावर त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना नीट उमगले. टेम्पोवाला दोरी आवळतो आहे, काच खडखडते आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आले तेव्हा त्यांनी पदराने काच पुसली. वास्तविक ती सकाळीच पुसून झाली होती.

मात्र हातावर हात ठेवून वाट पाहणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "आपल्या मर्जीने" हे शब्द आपणच घातले आहेत हे त्यांना ठाऊक होते. पण मर्जीलाही आधी वळण लावावे लागते, असा त्यांचा ठाम समज होता. वळण कसे लावायचे हेही त्यांना ठाऊक होते. तीर्थोपाध्यायांच्या घरात वाचनाची एकच रीत त्यांनी पाहिली होती, ती पोथीच्या पारायणाची. ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली, म्हणजे ती बरोबरच असली पाहिजे. त्याच संध्याकाळी त्यांनी ती दोन्ही मुलांना लागू केली.

सात वाजता देवापुढे दिवा लागला की हातपाय धुऊन यायचे. पाटावर मांडी घालून बसायचे. पुस्तक मांडीवर नाही, पोथीच्या छोट्या चौरंगावर. रोज दोन प्रकरणे, कमी नाही की जास्त नाही. मधे उठायचे नाही, मधे बोलायचे नाही, तोंडात काही असता कामा नये. पाने पुढची पुढे चाळायची नाहीत, आणि शेवटचे पान आधी उघडणे म्हणजे तर महापाप. झाल्यावर वाचलेल्याचा सारांश उभे राहून सांगायचा, मग दोन बत्तासे.

"शौचाला लागलं तर?" श्रेयसने विचारले.

"आधी जाऊन यायचं."

"आणि उद्यापन कधी आजी? जेवायला मेहुण बोलवायचं का?"

"जीभ आवर आणि बस."

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी उत्तराबाईंच्या लक्षात आले की श्रेयस दोन प्रकरणे चार मिनिटांत उरकतो आणि सारांश मात्र असा खणखणीत सांगतो, की जणू कीर्तनालाच उभा आहे. त्यांनी खोलात शिरून दोन प्रश्न विचारले, तेव्हा कळले की पहिली ओळ आणि शेवटची ओळ एवढेच तो वाचतो, मधला मजकूर स्वतः रचतो. चौथ्या दिवशी तेजश्रीला बरोबर सात वाजता पोटात दुखू लागले. पाचव्या दिवशी श्रेयसच्या गणिताच्या क्लासची वेळ बदलून सातची झाली. आश्चर्य असे की क्लासच्या सरांना ही बातमी मोहिनीने फोन केल्यावर समजली.

"मी वाचत्ये ना आजी," आठव्या दिवशी तेजश्री पाटावरून म्हणाली, "पण पायाला मुंग्या आल्या की अक्षरांनापण येतात."

बत्ताशांची बरणी भरलेलीच राहिली.

पितृपक्ष चालू होता. वेणीमाधवराव वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पहाटे रामकुंडावर जात. या पंधरवड्यात तर मालेगाव-धुळ्यापासून यजमान येत आणि दुपार टळल्याशिवाय त्यांना घर दिसत नसे. एक दिवस उशिरा जेवता जेवता त्यांनी पाटाकडे आणि चौरंगाकडे पाहिले.

"उत्तरा, एक सांगू? रागावणार नसशील तर."

"रागावेन. सांगा."

"मुलांच्या हातात पुस्तक द्यायच्या ऐवजी तू व्रत दिलंस. व्रत माणूस फळासाठी करतो. दोन बत्ताशांसाठी कोण करणार?"

"मग काय लोळत वाचू दे? चिवडा खात?"

"आमच्याकडे एक यजमान आहेत, ते श्राद्धाचे मंत्रसुद्धा..."

"भात घालू का?" उत्तराबाईंनी विचारले, आणि तो विषय तिथे संपला.

पण मनातून त्या खचल्या होत्या. सर्वपित्री अमावस्येला त्यांनी मुलांना पाटावर बोलावणे बंद केले. रागाने नव्हे, दसरा दहा दिवसांवर आला होता आणि हाताला धरून बसवलेले वाचन त्यांच्याच शब्दात बसत नव्हते. त्या गुपचूप कपाटातली पुस्तके मोजू लागल्या. मोजताना एक कमी भरले. क्रमांक दोनशे चौदा जागेवर नव्हते. वहीत पाहिले, तर ते 'हरवलेल्या घंटेचे गाव' नावाचे मुलांचे पुस्तक. महेशला चौथीत कसल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालेले. एखाददुसरे न वाचलेले म्हणून जे वर म्हटले, त्यातलेच हे. मुलांचे फुटकळ पुस्तक म्हणून त्यांनी त्याला कव्हर घातले, क्रमांक दिला, आणि उघडले कधीच नाही. आपल्या यजमानांना घरातल्या वस्तू वाटून टाकायची वेणीमाधवरावांची जुनी सवय होती. त्यांनीच कोणाच्या मुलाला देऊन टाकले असेल, असे ठरवून त्यांनी वही मिटली.

नवरात्र बसले. सप्तमीला मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन. हा कुळाचार उत्तराबाई बावन्न वर्षे करीत होत्या. घरातल्या प्रत्येकाचे एकेक पुस्तक चौरंगावर मांडायचे, वर सरस्वतीची प्रतिमा, झेंडूची फुले, आणि मग दसऱ्याला विसर्जन होईपर्यंत त्या पुस्तकांना हात लावायचा नाही. घरात कोणी वाचायचे नाही, लिहायचे नाही, तो अनध्याय. मुलांना सबंध वर्षात हा एवढा एकच नियम मनापासून आवडे.

वेणीमाधवरावांचे पंचांग आले, पोथ्या आल्या, महेशचे कारखान्यातले जाडजूड पुस्तक आले, मोहिनीची बँकेच्या परीक्षेची पुस्तके आली, मुलांची पाठ्यपुस्तके आली. फुलांसाठी परात आणायला उत्तराबाई स्वयंपाकघरात गेल्या, बटाट्यांची टोपली सरकवली, आणि टोपलीच्या मागे खाकी कव्हर दिसले.

क्रमांक दोनशे चौदा.

त्यांनी ते उचलले. कव्हरवर हळदीचा अंगठा उमटलेला. मधल्या पानांत शेंगदाण्याची टरफले. आणि खूण म्हणून पानांत घातलेली, वाळून काळी पडलेली मेथीची काडी!

"लंकाबाई!" त्यांनी हाक मारली. पण सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला येणाऱ्या लंकाबाई सकाळच्या पोळ्या करून केव्हाच गेल्या होत्या. मुले शाळेत होती. रागवायला समोर कोणीच नव्हते. मुहूर्त टळत होता. त्यांनी ओल्या फडक्याने कव्हर पुसले, टरफले झटकली, काडी फेकली, पुस्तक इतरांबरोबर चौरंगावर ठेवले आणि त्यावर अक्षता वाहिल्या. पुस्तकाचे हाल करणाऱ्याचा समाचार दसऱ्यानंतर घ्यायचा. देवीसमोर आरडाओरडा नको.

अष्टमीला मात्र त्यांना एक सुखद धक्का बसला. सकाळी शाळेत निघण्यापूर्वी तेजश्री चौरंगासमोर हात जोडून बसली होती. कोणी न सांगता. मान तिरपी करून, एकटक, चांगली पाच मिनिटे. नंतर लंकाबाई आल्या, त्यांनीही चप्पल काढल्या काढल्या चौरंगापाशी जाऊन नमस्कार केला. कणीक भिजवताना परत आल्या, पुन्हा नमस्कार. निघता निघता तिसरा.

"पाहिलंत?" उत्तराबाई पतीला म्हणाल्या. "वाचन नाही तर नाही, पण संस्कार कुठे जात नाहीत."

"दिसतंय खरं," वेणीमाधवराव म्हणाले, आणि खोकला आल्यासारखे करून बाल्कनीत गेले.

दुपारी साडेतीनच्या सुमारास उत्तराबाई जरा आडव्या झाल्या होत्या. डोळा लागतो न लागतो, तोच हॉलमधून कुजबूज ऐकू आली.

"काढ ना गं पोरी. देवी काय नाय म्हणायची नाय."

"देवी नाही म्हणणार, पण आजी म्हणेल."

"मंग आसं कर. उचलू नको. वरची पुस्तकं जशी हायेत तशी राहू दे, नुसतं मधी बोट घाल."

उत्तराबाई उठल्या. पावलांचा आवाज न करता दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या.

नात जमिनीवर पालथी पडली होती. तिची हनुवटी चौरंगाच्या काठाला टेकलेली. वरची तीन पुस्तके एका हाताने जेमतेम वीतभर उचलून धरलेली, झेंडूचे एक फूल कानावर ओघळलेले, आणि दुसऱ्या हाताने पान दाबून ती त्या फटीतून वाचत होती. तोंडात शेंगदाणे होते. शेजारी संध्याकाळच्या पोळ्यांसाठी आज दुपारीच परत आलेल्या लंकाबाई घरी न्यायची मेथीची जुडी मांडीवर घेऊन निवडत बसल्या होत्या, पण निवडणे थांबले होते.

"'...इतक्यात विहिरीच्या कठड्यावर कंदिलाचा उजेड हलला,'" तेजश्री वाचत होती, "'आणि दोघा भावंडांनी श्वास रोखून धरला. अंधारातून पुढे आलेला माणूस दुसरातिसरा कोणी नव्हता. तो होता...'"

पान उलटायला हात मोकळा नव्हता म्हणून तिने मान वळवली, आणि दारात आजी दिसली.

पुस्तके धपकन खाली बसली.

"बाई, मला बोला," लंकाबाई मेथीसकट उठून उभ्या राहिल्या. "पोरीला काय नका बोलू. मीच लय मागं लागले. तिची काय चूक नाय."

"हळदीचा अंगठा तुमचा?"

"माझाच."

"आणि टरफलं?"

"ती माझी," तेजश्री म्हणाली. "आजी, आम्ही पूजा हलवली नाही. फूल आपोआप पडलं."

उत्तराबाईंच्या जिभेवर सगळे तयार होते: पालथे पडून, खरकट्या तोंडाने, अनध्यायात, देवीच्या पूजेत बोट घालून. पण त्या सगळ्याच्या आधी एक निराळाच प्रश्न बाहेर पडला.

"हे कधीपासून चाललंय?"

मग एकेक उलगडत गेले. पोटात दुखते म्हणून तेजश्री स्वयंपाकघरात जाऊन बसली होती, त्या दिवशी चित्र आवडले म्हणून कपाटातून ओढलेले हे पुस्तक तिच्या हातात होते. लंकाबाईंनी चित्र पाहून विचारले, ही घंटा अशी विहिरीपाशी का? तेजश्रीला माहीत नव्हते. तिने तिथले पान वाचून सांगितले. लंकाबाईंनी विचारले, मंग? दुसऱ्या दिवशी आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्या आत पुन्हा विचारले, मंग काय झालं गं? तेव्हापासून शाळेतून आले की ओट्याखाली बसून रोज वाचन चालले होते. कधी अर्धे प्रकरण, कधी तीन. लंकाबाईंना अक्षर येत नव्हते, पण कोण कुठे काय बोलले ते सगळे पाठ होते. तेजश्रीने एक ओळ गाळली तरी त्या पकडत.

"पहिल्या पानापासून वाचलं नाहीत?" उत्तराबाईंनी विचारले.

"घंटा चोरीला जाते तिथून सुरू केलं. पहिली दोन प्रकरणं मागून वाचली. त्यांच्यात नुसतं गावाचं वर्णन आहे आजी. लंकामावशी म्हणाली, गाव आपण नंतर बघू, आधी चोर धरू."

"मग मला सांगितलं का नाहीस? कपाटाचं काय ठरलंय ते तुला माहीत होतं ना?"

तेजश्री पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढत राहिली. "तू म्हणाली असतीस, पाटावर बसून पुन्हा पहिल्यापासून वाच."

ते खरे होते. त्या शब्दशः हेच म्हणाल्या असत्या.

"तीनच प्रकरणं राहिलीत," तेजश्रीचा आवाज आता बारीक झाला. "मी दसऱ्यानंतर वाचीन. पण लंकामावशी आजच चाललीये. गडावर देवीला, मग माहेरी. ती कोजागिरीनंतर येणार. तिला कळणारच नाही. आणि तिच्याशिवाय मी वाचणार नाही. आमचं तसं ठरलंय."

"साडेपाचची गाडी हाय दिंडोरी नाक्यावरून," लंकाबाई म्हणाल्या. "जाऊ द्या बाई. त्यो वाणीच चोर हाय, मला ठावं हाय. मी त्याला धरूनच चालते."

उत्तराबाई चौरंगाकडे पाहत उभ्या राहिल्या. बावन्न वर्षांत मांडलेल्या पूजेतले एक पानही त्यांनी हलवू दिले नव्हते. महेशची दहावीची सहामाही असतानासुद्धा नाही. आता हलवले, तर घरातले म्हणतील, कपाट वाचवायला आजीने स्वतःचा नियम मोडला. न हलवले, तर दसऱ्याला टेम्पो येईल, कारण दसऱ्याच्या आत ते पुस्तक पुरे होणार नाही. एकीकडे कुळाचार, दुसरीकडे दिलेला शब्द, आणि दोहोंच्या मध्ये कानावर झेंडूचे फूल घेऊन उभी असलेली नात. कपाटाचा विचार त्यांनी प्रयत्नपूर्वक बाजूला सारला. तो सारल्यावरही त्या मुलीचा चेहरा तसाच समोर राहिला. पुस्तकासाठी इतके कासावीस झालेले माणूस त्यांनी या घरात याआधी एकदाच पाहिले होते, दुपारच्या त्या एका तासात; आणि ते माणूस त्या स्वतः होत्या.

"अहो!" त्यांनी बाल्कनीकडे हाक मारली. "सगळं ऐकलंय तुम्ही, झोपेचं सोंग पुरे. आत या. शास्त्र काय म्हणतं ते सांगा."

वेणीमाधवराव आत आले, चष्मा लावला, पूजेकडे गंभीरपणे पाहिले. "शास्त्र म्हणतं, श्रवण नक्षत्रावर विसर्जन. त्याच्या आधी नाही."

तेजश्रीचा चेहरा उतरला.

"पण," ते पुढे म्हणाले, "पन्नास वर्षं मी रामकुंडावर बसतोय. तीन तासांचा विधी मांडलेला असतो आणि यजमान कानात येऊन सांगतो, गुरुजी, नाशिकरोडहून चारची गाडी आहे. तेव्हा आपण काय करतो? देवाची क्षमा मागतो, अक्षता टाकतो आणि यजमानाला आधी मोकळं करतो. बाकीचं मागाहून सावकाश. आजवर एकाही देवाने तक्रार केलेली नाही. इथे यजमानाची गाडी साडेपाचची आहे."

"यजमान कोन?" लंकाबाईंनी विचारले.

"तुम्ही."

उत्तराबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, हात धुऊन आल्या, चौरंगासमोर बसल्या. डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. क्रमांक दोनशे चौदावर अक्षता वाहिल्या, ते एकटेच दोन्ही हातांनी बाहेर काढले, आणि बाकीची पुस्तके जशीच्या तशी सारखी केली. मग पुस्तक नातीच्या हाती दिले.

"वाच. मोठ्याने. आणि शब्द गिळू नकोस."

"पाट आणू?"

"पाट राहू दे. बस कशीही."

तेजश्री पुन्हा पालथी झाली. लंकाबाईंनी मेथी पुढ्यात घेतली. उत्तराबाई खुर्चीवर ताठ बसल्या, केवळ देखरेखीसाठी. विहिरीवर कंदील घेऊन आलेला माणूस पाटलाचा मेव्हणा निघाला.

"तरी मला वाटलंच!" पाचव्या मिनिटाला उत्तराबाई म्हणाल्या. "मेव्हणा म्हटल्यावर आणखी काय असणार?"

"नाय वो बाई, तुम्ही मागचं कुठं ऐकलंय? त्यो साधा हाय. वाण्यानं पाठवलाय त्याला."

"वाण्याला घंटेचा काय उपयोग?"

"पितळ हाय ना!"

"अगं, थांबा ना दोघी," तेजश्री म्हणाली. "मी वाचत्ये."

आपल्याला कोणी गप्प केल्याचा प्रसंग उत्तराबाईंना आठवत नव्हता. त्या गप्प झाल्या.

पाणी प्यायच्या निमित्ताने श्रेयस बाहेर आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. पाच मिनिटांनी म्हणाला, "दोघींचंही चुकतंय. मला माहितीये कोण आहे ते."

"तुला कसं माहीत?"

"पारायणाच्या पहिल्याच दिवशी मी कपाटातल्या पाच पुस्तकांची शेवटची पानं वाचली, त्यात हेही होतं. तू म्हणालीस ना महापाप, म्हणून. सांगू?"

"खबरदार!" तिघी एकदम ओरडल्या. त्यांत उत्तराबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता.

पावणेपाचला शेवटचे प्रकरण लागले. चोर कोणीच नव्हता. म्हाताऱ्या गुरवाच्या हातून जत्रेच्या आदल्या दिवशी घंटा पडली होती, तिला तडा गेला होता, आणि गावाला कसे सांगायचे या लाजेने त्याने ती विहिरीत लपवली होती. तो रोज काठावर येऊन तिची माफी मागत असे. शेवटी गावानेच घंटा वर काढली, कासाराकडे नेली, आणि जत्रेला पहिला टोल गुरवाला द्यायला लावला.

लंकाबाईंनी पदराने डोळे पुसले. "बिचारा म्हातारा. आन्‌ मी वाण्याला किती बोलले!"

"म्हणजे चोरच नाही?" उत्तराबाई म्हणाल्या. "सोळा प्रकरणं वाचायला लावून चोर नाही? ही काय पद्धत झाली!" त्यांनी घड्याळ पाहिले. "लंकाबाई, निघा. महेशची स्कूटर खाली आहे. पण ती श्रेयसच्या आजोबांना चालवू देऊ नका, रिक्षा करा. आणि देवीला सांगा, एक पुस्तक लवकर काढलं, त्यात दोष असला तर माझा."

रात्री जेवताना तेजश्रीने सगळी गोष्ट आईवडिलांना पुन्हा सांगितली, या खेपेला गावाच्या वर्णनासकट. महेश म्हणाला, "अरे, हे तर माझं पुस्तक! मला शेवट अजिबात आठवत नव्हता." मोहिनीने सासूबाईंच्या पानात जरा जास्त श्रीखंड वाढले.

"मग आई, कपाट राहिलं ना?" महेशने विचारले.

"राहिलं. शब्द म्हणजे शब्द." उत्तराबाईंनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. "पण ते मी राखलेलं नाही. मी पाट मांडला, चौरंग मांडला, बत्तासे आणले, आणि पोरीच्या पोटात दुखायला लागलं. ज्या बाईला एक अक्षर येत नाही तिने नुसतं 'मग?' म्हटलं आणि माझं कपाट वाचलं. तेव्हा दसऱ्याला ते हॉलमधून हलेल."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवले.

"स्वयंपाकघराच्या दारापाशी धान्याची पिंपं आहेत. ती बाल्कनीत जातील. कपाट तिथे येईल. खालच्या दोन फळ्या तेजूच्या. हॉलच्या भिंतीशी श्रेयसने आपलं टेबल लावावं."

"आई, पण पुस्तकांना फोडणीचा वास लागेल," मोहिनी म्हणाली.

"लागू दे. आणि हळदही लागू दे. मात्र ओले हात लावलेले मला चालणार नाहीत."

दसऱ्याला सकाळी विसर्जन झाले, पुस्तके उठली, सोने लुटून झाले आणि कपाट हलवण्याचे काम निघाले. आधी ते रिकामे करायला हवे होते. तीनशे बारा पुस्तकांचे ढीग हॉलभर लागले. महेशने एक बाजू धरली, श्रेयसने दुसरी, खालच्या मजल्यावरचे जयरामभाऊ मदतीला आले होते त्यांनी पाठ धरली. उचलले, दोन पावले चालले, आणि थांबले.

वाटेच्या बरोबर मधोमध, पुस्तकांच्या दोन ढिगांच्या सांदीत तेजश्री पालथी पडली होती. मागे हवेत हलणारे दोन पाय. पुढे उघडे पुस्तक, क्रमांक एकशे नऊ. शेजारी एका कागदावर तिने तीन आकडे लिहून ठेवले होते. कोजागिरीनंतर लंकामावशीसाठी काढून ठेवायच्या पुस्तकांचे.

"तेजू, ऊठ!" महेश दात आवळून म्हणाला. "हात तुटतायत आमचे!"

तेजूला ते ऐकूच गेले नाही.

"आई, तिला उठव गं जरा. आम्हाला सरळ जायचंय."

उत्तराबाई पुढे आल्या. नातीच्या डोक्याशी उभ्या राहून पुस्तकात डोकावल्या. मधलेच कुठले तरी पान होते. त्यांनी तिघांकडे वळून हात केला.

"पान संपलेलं नाही तिचं," त्या म्हणाल्या. "सोफ्याच्या अंगाने वळसा घाला."